तशरीह : हाडांच्या ढिगापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत



उर्दू शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'तशरीह' हा शब्द ठाऊक आहे. परीक्षेत एखादा शेर दिलेला असतो आणि त्याची तशरीह करावयाची असते, म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगावयाचा असतो. अरबी आणि फारसी वैद्यकग्रंथांत मात्र हाच शब्द शरीररचनाशास्त्रासाठी येतो. शेर उलगडावा तसे मानवी शरीर थराथराने उलगडून दाखविणे, ही त्या शास्त्राची तशरीह होय. आज ही तशरीह संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली आहे. त्वचा बाजूला सारा, स्नायू दिसतात. स्नायू बाजूला सारा, रक्तवाहिन्या दिसतात. हृदय उचलून चारही बाजूंनी फिरवून पाहता येते. यालाच त्रिमितीय प्रतिकृती म्हणतात. ही सोय एका दिवसात झालेली नाही. तिच्यामागे कित्येक शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या पूर्वजांचा वाटा मोठा आहे.

आपल्या देशापासूनच सुरुवात करू. 'सुश्रुतसंहिते'तील शारीरस्थानात असे सांगितले आहे की शिकणाऱ्याने मृत शरीर गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजत ठेवावे आणि मग कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. ग्रंथ वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे, दोन्ही झाल्याशिवाय ज्ञान पुरे होत नाही, हा त्यामागील विचार होता.

हाच विचार इस्लामी जगात पुढे दिसतो. इब्न सीना (९८० ते १०३७) यांचा 'अल्-कानून' हा ग्रंथ शतकानुशतके पूर्वेकडे व पश्चिमेकडे पाठ्यपुस्तक म्हणून चालला. परंतु मोठ्या ग्रंथाचेही डोळे झाकून अनुकरण करू नये, हे दाखविणारे विद्वानही आपल्याकडे झाले. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी बगदादचे अब्दुल लतीफ तेथे होते. दुष्काळात मेलेल्यांच्या हाडांचे ढीग त्यांनी पाहिले आणि दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. ग्रीक आचार्य गॅलेन यांनी खालचा जबडा दोन हाडांचा असल्याचे लिहिले होते आणि हजार वर्षे सर्वजण तेच मानीत आले होते. अब्दुल लतीफ यांना प्रत्येक कवटीत तो एकाच हाडाचा आढळला. गॅलेन कितीही थोर असले तरी डोळ्यांची साक्ष त्यांच्यापेक्षा खरी, असे त्यांनी निर्भयपणे लिहून ठेवले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १२४२ साली, इब्न अल्-नफीस यांनी 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. उजवीकडचे रक्त फुप्फुसात जाऊन तेथून डावीकडे येते, हे त्यांनी प्रथम सांगितले. हे भाष्य जवळजवळ विस्मरणात गेले होते. १९२४ साली अल्-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांना त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा जगाला याची जाणीव झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणमध्ये मन्सूर इब्न इलियास यांनी 'तशरीह-ए-मन्सूरी' हा सचित्र ग्रंथ लिहून तैमूरच्या नातवाला अर्पण केला. त्यात हाडे, मज्जातंतू, स्नायू, शिरा आणि धमन्या यांची निरनिराळी पूर्णाकृती चित्रे आहेत. आजच्या संगणकावर एकेक संस्था वेगळी करून दाखविण्याची जी पद्धत आहे, तिचेच हे कागदावरील रूप नव्हे काय?

पुढे पुढाकार युरोपकडे गेला. १५४३ साली वेसालियस यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ते शिकवीत असलेल्या इटलीतील पाडुआ विद्यापीठाचे नाव सर्वत्र झाले. आपण मात्र जुन्या पोथ्या सांभाळीत बसलो. अब्दुल लतीफ यांची नजर आपण हरवली.

आता मुंबईकडे वळू. आपल्या पालघर-बोईसरची कितीतरी कुटुंबे उपचारासाठी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जातात. त्याच आवारात १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्यापूर्वी १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून शवविच्छेदन केले होते आणि भारतीय विद्यार्थ्यांची वाट मोकळी झाली होती. ग्रँट कॉलेजातून १८५१ साली जे पहिले आठ जण उत्तीर्ण झाले, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. आत्माराम पांडुरंग होते. त्या आठांत हिंदू होते, पारशी होते, गोव्याकडील ख्रिस्ती होते. मुसलमान नाव एकही नव्हते. ज्या शास्त्राला आपण 'तशरीह' हे नाव दिले, त्याच्या आपल्या दारातल्या शाळेत पहिल्या रांगेत आपण नव्हतो. ही गोष्ट कटू आहे, पण प्रत्येक पालकाने ती ध्यानात ठेवावी.

याच कॉलेजशी आणखी एक थोर नाव निगडित आहे. १८५८ साली लंडनला हेन्री ग्रे यांचे 'अ‍ॅनाटॉमी' प्रसिद्ध झाले. जगभरचे डॉक्टर ते आजही जाणतात. त्यातील ३६३ चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली होती. लाकडी ठोकळ्यांवर उलट्या बाजूने चित्र काढावयाचे आणि अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहावयाचे, म्हणजे विद्यार्थ्याला खालच्या टिपा शोधाव्या लागू नयेत, अशी त्यांची पद्धत होती. पुस्तक बाजारात आले त्याच वर्षी कार्टर हिंदुस्थानात आले, ग्रँट कॉलेजात शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि पुढे त्यांनी आपल्या देशातील कुष्ठरोगावर संशोधन केले.

चित्रानंतर आले यंत्र. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्यांदा रुग्णाचा मेंदू कापाकापी न करता थराथराने दाखविला. पुढची मजल अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने मारली. देहदान केलेल्या एका पुरुषाचे शरीर गोठवून त्याचे एकेक मिलिमीटरचे १,८७१ छेद घेण्यात आले, प्रत्येकाचे छायाचित्र काढले गेले आणि १९९४ साली ती सर्व चित्रे अभ्यासकांना खुली झाली. १९९५ साली एका स्त्रीचे शरीर याहूनही पातळ, पाच हजारांवर छेदांत उपलब्ध झाले. हे छेद संगणकात एकावर एक रचले की पुन्हा अखंड शरीर उभे राहते. आज माणसाच्या उंचीएवढ्या पडद्याच्या टेबलावर किंवा साध्या मोबाइलवरही अशा प्रतिकृती पाहता येतात.

तरीही एक सावधगिरी हवी. त्या पुरुषाचे अपेंडिक्स पूर्वीच शस्त्रक्रियेने काढलेले होते. म्हणून त्या प्रसिद्ध नमुन्यात ते नाहीच! अल्लाहने घडविलेले प्रत्येक शरीर थोडे वेगळे असते. पडद्यावर रक्तवाहिनी दिसते, पण ती बोटांना कशी लागते हे कळत नाही. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदन आजही आहे. मयताचा सन्मान हा आपल्या दीनचा भाग असल्याने या विषयावर उलेमांत चर्चा झाली आहे, आणि शिक्षणासाठी गरजेपुरती मुभा देणारेही आहेत. फतवा देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु एवढे निश्चित की, ज्या गावच्या शाळेत देह आणणे कधीच शक्य नव्हते, तेथे शरीर आतून दाखविण्याचे साधन प्रथमच आले आहे, आणि त्यात कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही.

पालकहो, १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तेथील औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत आणि त्यांत आपली माणसे पाळीवर जातात. ही औषधे बनविणारे हात आपले आहेत; मग ती लिहून देणारे हात आपल्या घरातले का नसावेत? वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते आणि २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. भाषेची सबब आता उरलेली नाही.

म्हणून विनंती अशी की, मुलाच्या हातात मोबाइल असेलच, तर आठवड्यातून एक तास त्यावर हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड पाहण्यास सांगा. दहावीच्या विज्ञान पुस्तकातील आकृती आणि पडद्यावरील प्रतिकृती शेजारी ठेवून तुलना करू द्या. मुलीलाही तेवढीच संधी द्या. आपल्या आया-बहिणींना स्त्री डॉक्टरची किती गरज भासते हे कोणी सांगावयास नको. आणि विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर जे दिसते ते नुसते पाहू नका, वहीत स्वतःच्या हाताने काढा. मन्सूर यांनी काढले, कार्टर यांनी काढले, म्हणूनच ते टिकले.

दोन हजार कवट्या तपासून पाहणारी ती नजर परवरदिगार आपल्या मुलामुलींना पुन्हा देवो. आमीन.