स्टॉकहोम : चौदा बेटांच्या राजधानीत चार दिवस

मेलारेन सरोवराचे पाणी जेथे बाल्टिक समुद्राला मिळते, तेथे १४ बेटांवर स्टॉकहोम वसले आहे. लेखी नोंदींत स्वीडनच्या या राजधानीचे नाव प्रथम १२५२ साली आढळते. येथे येणाऱ्या पर्यटकाने दोन गोष्टी आधी ठरवाव्यात : जायचे कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिवशी कोणते बेट पाहायचे. हे गणित जमले, तर वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशांचे चीज होते. चुकले, तर निम्मा वेळ अंधारात किंवा प्रवासात जातो.

ऋतू कोणता?

जूनमध्ये येथे सुमारे साडेअठरा तास उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र तो जेमतेम सहा तास राहतो आणि दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ सर्वांत सोयीचा. महाराष्ट्रातील शाळांना तेव्हा उन्हाळी सुटी असल्याने कुटुंबांनाही तो साधता येतो. १९ ते २५ जूनदरम्यान येणाऱ्या शुक्रवारी ‘मिडसमर’चा सण असतो. त्या दिवशी स्थानिक लोक गावाकडे जातात आणि अनेक दुकाने बंद राहतात. ऐन उन्हाळ्यातही संध्याकाळी गारवा असतो. जाकीट जवळ ठेवावे. हिवाळा निवडणाऱ्यांना नाताळचा बाजार आणि १३ डिसेंबरचा लुसिया उत्सव पाहता येतो.

व्हिसा

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो. मात्र उन्हाळ्यातील गर्दी पाहता शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नये. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे. सहलीत कोपनहेगन किंवा पॅरिसही असेल, तर जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. मुक्काम सारखाच असल्यास ज्या देशात प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे करावा.

दिवसांची आखणी

पहिला दिवस ‘गामला स्टान’ या जुन्या शहरासाठी ठेवावा. अरुंद दगडी गल्ल्या, सहाशेहून अधिक दालनांचा राजवाडा आणि स्टॉरटोर्येट चौक पायीच पाहावेत. याच चौकात १५२० साली डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिस्तियान याच्या हुकमावरून ८०हून अधिक जणांचा शिरच्छेद झाला. आज तेथेच नोबेल पारितोषिकांचे संग्रहालय उभे आहे.

दुसरा दिवस युरगॉर्डेन बेटाचा. येथील वासा संग्रहालय चुकवू नये. १० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्याच सफरीत सुमारे १३०० मीटर अंतर कापून बुडाली. वरच्या भागाचा भार अधिक आणि तळाला पुरेसा तोल नाही, अशी तिची रचना होती. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव तग धरत नाहीत. त्यामुळे ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ती जवळजवळ अखंड वर काढता आली. तिच्यासाठी दोन तास हवेतच. शेजारी आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये उभारलेले ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय आहे. देशभरातून आणलेली जुनी घरे आणि उत्तरेकडील प्राणी तेथे पाहता येतात. मुले बरोबर असतील, तर उरलेला दिवस येथेच जातो.

तिसऱ्या दिवशी १९२३ साली पूर्ण झालेले नगरभवन पाहावे. दर १० डिसेंबरला नोबेल मेजवानी होते, ते ‘निळे दालन’ प्रत्यक्षात लाल विटांचे आहे. विटांचा रंग वास्तुविशारद राग्नार ऑस्टबेरी यांना इतका आवडला, की निळा रंग देण्याचा बेत त्यांनी सोडला. नाव मात्र तसेच राहिले. दुपारी मेट्रोने फिरावे. शंभरपैकी नव्वदहून अधिक स्थानके चित्रे, शिल्पे व मोझेक यांनी सजली आहेत आणि ती पाहण्यास प्रवासाचे तिकीट पुरते.

चौथा दिवस ड्रॉटनिंगहोम राजवाड्यासाठी राखावा. हे स्थळ १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उन्हाळ्यात नगरभवनाजवळच्या धक्क्यावरून बोटीने तासाभरात तेथे पोहोचता येते. राजवाड्याऐवजी शहराबाहेरच्या हजारो बेटांच्या समूहात एखादी सफर करावी.

प्रवास आणि खर्च

आरलांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. जलद रेल्वे वीस मिनिटांच्या आत पोहोचवते, पण तिचे भाडे चढे आहे. एकच तिकीट ७५ मिनिटे मेट्रो, बस, ट्राम आणि युरगॉर्डेनच्या फेरीबोटीवर चालते. २४ व ७२ तासांचे पासही मिळतात. स्वीडनने २००३ च्या सार्वमतात युरो नाकारला. चलन क्रोना आहे. मात्र अनेक दुकाने रोकड घेतच नाहीत. त्यामुळे परदेशात चालणारी दोन कार्डे जवळ असावीत.

उपाहारगृहे महाग आहेत. कामाच्या दिवशी दुपारी मिळणारे ‘दागेन्स लुंच’ हे ठरलेले जेवण त्या मानाने स्वस्त पडते आणि त्यात अनेकदा शाकाहारी पर्यायही असतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. काही संग्रहालये सोमवारी बंद असतात. तो दिवस गामला स्टान किंवा जलसफरीसाठी ठेवणे शहाणपणाचे.