गुरांची गणना आणि चाऱ्याचे माप

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा व त्याच्या आसपासचा प्रदेश हा भाताचा मुलूख होय. भातशेतीस बैल हवेत आणि बैलांस चारा हवा. परंतु मळणीनंतर हाती येणारे तणस पोट भरणारे असले, तरी पोसणारे नव्हे. त्यात प्रथिनांचा अंश अवघा ३ ते ४ टक्के असतो. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांचे कार्य नीट चालावयास तो सुमारे ७ टक्के तरी लागतो. यास्तव येथील गुरांच्या अंगावर मांस चढते ते पावसाळी गवतावर, आणि उन्हाळ्यात ते पुन्हा झडते.

ही चराई शासनाने मोजली ती मात्र गुरांच्या संख्येने. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव रानातील चराई हा परवान्याचा विषय झाला व दर जनावरामागे आकार बसला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गायराने जंगलखात्याकडे गेल्याचे गाऱ्हाणे मांडले. १८९४ च्या वनधोरणाने कुरणांचा स्वतंत्र वर्ग मानला. तथापि मोजणीची रीत तीच राहिली.

१९२८ मध्ये लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील कृषी आयोगाने या रीतीआडचे दुष्टचक्र दाखविले. बैल अशक्त, म्हणून अधिक बैल. बैल अधिक, म्हणून चारा अपुरा. आणि चारा अपुरा, म्हणून पुढची पिढी आणखी अशक्त. या विधानास शरीरक्रियाशास्त्राचा आधार लवकरच मिळाला. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये असे दाखविले की, प्राण्याची निर्वाहाची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४०० किलोच्या एका बैलापेक्षा २०० किलोच्या दोन बैलांस केवळ जगण्यासाठीच सुमारे १९ टक्के अधिक पोषण लागते. खाल्लेल्या चाऱ्यातून निर्वाह वजा जाता जे उरेल तेच वाढीस लागते; खुजी गुरे वाढविणे म्हणजे हे शिल्लक खाऊन टाकणे होय.

मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली व गावच्या पडीत जमिनी शासनाकडे गेल्या. त्यांपैकी पुष्कळशा पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' या नावाने नोंदल्या गेल्या. नोंद झाली झुडपांची. उपयोग होता गुरांचा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर या शब्दाला निराळेच वजन आले, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच होत, असा निर्णय दिला.

सारांश, जमिनीचे नाव झुडपांवरून पडले आणि चराईचे माप जनावरांच्या डोक्यांवरून ठरले. या दोहोंत गवत कोठेच मोजले गेले नाही. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क सांगणे कठीण, हे कोंढ्यासारख्या गावांच्या इतिहासाचे मर्म आहे.