रंजनपर कथावाङ्मय व चित्रकथा, मराठी

फावल्या वेळी प्रामुख्याने मनोरंजनासाठी वाचल्या जाणाऱ्या रहस्यकथा, साहसकथा, प्रणयकथा व चित्रकथा यांचा समावेश या संज्ञेत होतो. वाङ्मयेतिहासात या लेखनाची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात केली जाते. तथापि सलग एक पुस्तक हाती धरून ते संपविण्याची सवय साक्षर मराठी समाजाच्या मोठ्या भागाला ज्या लेखनाने लावली, ते हेच होय.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात रंजनाला मोठे स्थान होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या अद्‌भुतरम्य कादंबऱ्या होत. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये काढलेल्या आपल्या साप्ताहिकाचे नाव करमणूक असे ठेवले आणि त्यातूनच सामाजिक कादंबऱ्या क्रमशः दिल्या. त्यांना रंजन व उद्‌बोधन यांत वैर दिसले नाही. हे वैर पुढील काळातील टीकाकारांनी कल्पिलेले आहे. गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनल्ड्‌झ या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांना एतद्देशीय वेश चढविला. कालिकामूर्ती, इंद्रभुवनगुहा, बंधुद्वेष ही त्यांची पुस्तके दीर्घकाळ वाचली गेली.

रहस्यकथेला घरोघरी नेले ते बाबुराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. धनंजय हा गुप्तहेर, त्याचा साहाय्यक छोटू, तसेच कायद्याबाहेर राहून दुर्जनांना लुबाडणारे झुंजार व काळापहाड ही त्यांची पात्रे विशेष लोकप्रिय ठरली. सुटसुटीत वाक्ये, पहिल्याच पानावर घडणारी घटना व स्वच्छ भाषा हे त्यांच्या लेखनाचे गुण होत. व्यक्तिचित्रणाची खोली त्यांत शोधू नये. वाचकही ती शोधत नसे. पुढे गुरुनाथ नाईक यांनी लष्करी पार्श्वभूमीच्या साहसकथा विपुल लिहिल्या, तर सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी रहस्यकथेकडून तरुणांच्या कादंबरीकडे वाट काढली.

ही पुस्तके विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने नेणारे पुष्कळ अधिक होते. अनामत रक्कम ठेवून अल्प भाड्याने पुस्तक देणारी छोटी दुकाने गावोगावी होती. एकच प्रत अनेक घरे फिरे. त्यामुळे खपाच्या आकड्यांवरून वाचकसंख्येचा अंदाज बांधणे भ्रामक ठरते. शिवाय शालेय वयातील मुले ही पुस्तके बहुधा वडीलधाऱ्यांच्या नकळत वाचीत, ती कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

प्रणयकथेला मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली व तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. आक्षेपार्ह मानलेले उतारे सुटे न वाचता कथेच्या संदर्भात वाचावेत आणि समाजाच्या कल्पना बदलत असतात याचे भान ठेवावे, असा या निर्णयाचा आशय होता. दुय्यम मानलेल्या एका कथेमुळे अशा रीतीने सर्व लेखकांच्या उपयोगी पडणारा निर्णय झाला. त्याच वर्षी काकोडकरांच्या नीलांबरी या कादंबरीवर आधारलेला दो रास्ते हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला.

नागपुरातील वाचनाचे स्वरूप काहीसे निराळे होते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते व येथील वाचक सहजपणे दोन भाषांत वावरे. नवभारत हे हिंदी दैनिक येथेच १९३४ मध्ये निघाले, तर मुलांचे मासिक हे येथील मराठी बालनियतकालिक होते. अर्नाळकरांच्या जोडीने इब्ने सफी यांची अलाहाबादहून निघणारी जासूसी दुनिया आणि पुढे दिल्लीकडील हिंदी खिसापुस्तके ही या वाचकाच्या आटोक्यातील होती. म्हणून येथील रंजनपर वाचनाचा इतिहास केवळ मराठी पुस्तकांच्या आधारे लिहिता येणार नाही.

चित्रकथांबाबतही हेच घडले. चांदोबा मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. त्यात गोष्ट मुख्य व चित्र साहाय्यक होते. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्यातील ‘फँटम’ मराठीत व हिंदीत वेताळ झाला. हे नामांतर इतके चपखल बसले, की त्याचे परकेपण विसरले गेले. अमर चित्र कथा (१९६७) मालिकेने पुराण व इतिहास यांचा आधार घेतल्याने पालकांचा विरोध मावळला. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने (१९६७) मान्य वाचनालयांना अनुदान मिळू लागले. भाड्याची दुकाने त्या व्यवस्थेबाहेरच राहिली. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर ती ओसरली आणि त्यांच्याकडील झिजलेल्या, हलक्या कागदावरील प्रती बहुतांशी रद्दीत गेल्या. एकविसाव्या शतकात अर्नाळकरांच्या निवडक कथांचे पुनर्मुद्रण झाले; उरलेली पुस्तके जुन्या बाजारात व खाजगी संग्रहांत विखुरलेली आहेत.