नव्या भिंतीची पहिली आंघोळ

गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा बाथरूमच्या टाइल्सवर सिमेंटचे पांढरे ओघळ होते. साइटवरच्या माणसाने बाटलीतलं ॲसिड ओतलं, फसफसून फेस आला, डाग गेले. त्याच्या हातात मोजे नव्हते. मी खिडकी उघडायची सोडून बाहेर पळालो. पंधरा दिवसांत नळाच्या चकचकीत कडा काळवंडल्या. या ‘ॲसिड वॉश’चं मूळ शोधत गेलो आणि थेट इंग्लंडच्या विटांपाशी पोचलो.

आपल्याकडे बहुतेक भिंतींवर गिलावा होतो, वीट झाकली जाते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मात्र वीट म्हणजे घराचा चेहराच. त्यामुळे बांधकाम संपलं की विटांवर सांडलेला माल काढावाच लागतो. पूर्वी हा माल चुन्याचा असायचा. चुना हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे ब्रशने झाडून बराचसा निघायचा. 1824 मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढे सिमेंटचा माल सर्रास वापरात आला आणि गंमत संपली. वेळेत पुसला नाही, तर हा माल दगडासारखा चिकटतो. त्याला विरघळवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं.

ते ॲसिड स्वस्त कसं झालं, ही खरी भन्नाट गोष्ट. साबण आणि काचेसाठी सोडा हवा असायचा. तो लेब्लांक पद्धतीने मिठापासून बनवायचे. त्यात हायड्रोजन क्लोराइड वायू निघायचा, तो चिमणीतून थेट हवेत. सेंट हेलेन्स आणि विडनेसच्या आसपासची झाडं त्याने करपली. शेवटी 1863 मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली कायदा केला: किमान 95 टक्के वायू शोषून घ्यायचाच. वायू पाण्यात शोषला की ॲसिड तयार! म्हणजे कचरा होता, तो माल झाला. बरंचसं ब्लीचिंग पावडरकडे गेलं. पण मला वाटतं, एवढं ॲसिड इतक्या सहज मिळायला लागलं नसतं, तर ते भिंत धुवायला कुणी वापरलं नसतं.

आता दराकडे येऊ. ऑस्ट्रेलियात हे काम वेगळा कारागीर करतो. हिशोब हजार विटांवर किंवा चौरस मीटरवर होतो. तिथल्या नेहमीच्या मापाच्या हजार विटा म्हणजे साधारण 20 चौरस मीटर भिंत. यात ॲसिडचा खर्च किरकोळ असतो. खरे पैसे जातात वेळेत. आधी भिंत पाण्याने चिंब करायची, म्हणजे वीट ॲसिड पीत नाही. मग एक भाग ॲसिड, नऊ-दहा भाग पाणी. आणि हो, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. थोडा वेळ थांबायचं, घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. दर नगावर ठरला, की घाईत पहिलं आणि शेवटचं पाणी कापलं जातं. कोड लिहिताना टेस्टिंग कापतात ना, अगदी तसंच.

त्याची किंमत नंतर दिसते. ॲसिड विटेत मुरलं की लोह विरघळतं आणि सांध्यांवर तांबूस ओघळ उतरतात. प्रेशर वॉशर फार जवळ धरला, तर सांध्यातला मालच उडतो. सगळ्यात वाईट गोष्ट फिकट, क्रीम रंगाच्या विटांची. त्यांच्या मातीतल्या व्हॅनेडियममुळे पिवळट-हिरवे डाग येतात. मालकाला वाटतं हा लोणा आहे, आणि तो पुन्हा ॲसिड मागवतो. मग तेच डाग तपकिरी-काळे होतात आणि काढणं आणखी कठीण होतं. तोवर धुणाऱ्याचं बिल चुकतं झालेलं असतं.