रूझवेल्ट यांचा रक्तदाब आणि मुंबईतील सर्पगंधा

१२ एप्रिल १९४५. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आपले चित्र काढून घेण्यासाठी बसले होते. डोके असह्य दुखत असल्याचे सांगून ते बेशुद्ध झाले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला.

हा मृत्यू अगदी अनपेक्षित असल्याचे त्यांचे खासगी वैद्य रॉस मॅकइंटायर यांनी जाहीर केले. मॅकइंटायर हे कान-नाक-घशाचे डॉक्टर.

अनपेक्षित मात्र त्यात काहीच नव्हते. १९३५ मध्ये रूझवेल्ट यांचा रक्तदाब १३६/७८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. मार्च १९४४ मध्ये ब्रून यांनी त्यांना प्रथम तपासले, तेव्हा हृदय वाढलेले होते आणि निकामी होऊ लागले होते. विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि डिजिटॅलिस, यापलीकडे ब्रून यांच्या हाती फारसे काही नव्हते.

दोष केवळ मॅकइंटायर यांना देणे अन्यायाचे ठरेल. त्या पिढीतील अनेक नामवंत वैद्यांची धारणाच अशी होती की, अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढवते. तो उतरवला तर मेंदू आणि मूत्रपिंडे उपाशी राहतील. कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाला ‘इसेन्शियल’ हे विशेषण होते आणि कित्येकांनी त्याचा अर्थ शब्दशः ‘आवश्यक’ असाच घेतला. रोग्याचा दाब पाहायचा, नोंदवायचा आणि स्वस्थ बसायचे!

याच काळात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील वेगळ्या वाटेने चालले होते. सर्पगंधेचे मूळ आयुर्वेदाला जुनेच परिचित. बिहारकडे ते वेड्यांचे औषध म्हणून विकले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो असे लिहिले होते, पण ते भारताबाहेर कोणाच्या फारसे वाचनात आले नाही. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतील रेसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक होता. आकडा उतरतो, हे खरे. पण आकडा उतरल्याने माणूस वाचतो का?

त्याचे उत्तर एडवर्ड फ्राइस यांनी शोधले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी चाचणी उभी केली. गोळ्या नेमाने घेणारीच माणसे हवी होती, म्हणून आरंभी सर्वांना रायबोफ्लेविन घातलेल्या निरौषध गोळ्या दिल्या गेल्या. हे जीवनसत्त्व घेतलेल्याची लघवी अतिनील प्रकाशात चमकते. गोळ्या टाकून देणारा तिथेच पकडला जाई. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला निरौषध गोळ्या. दुसऱ्याला हायड्रोक्लोरोथायाझाइड, हायड्रालाझिन आणि मुंबईने जगापुढे आणलेल्या त्याच मुळीतील रेसर्पिन.

खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचा निष्कर्ष १९६७ मध्ये आला. निरौषध गटातील ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर आघात झाले, त्यांपैकी चौघे दगावले. औषध घेणाऱ्या ७३ जणांत आघात दोनच, मृत्यू एकही नाही. फरक इतका उघड होता की या गटाची चाचणी लवकरच थांबवावी लागली. ९० ते ११४ दाब असलेल्या ३८० जणांचा निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाला: पाच वर्षांतील आघातांचा संभव ५५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. स्त्रियांचा यात समावेश नव्हता, हे उणे नोंदवायलाच हवे. पण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला, त्याची काहीही तक्रार नसताना, वर्षानुवर्षे गोळी देण्याचा अधिकार वैद्याला या आकड्यांनी दिला. १९७२ मध्ये अमेरिकेने रक्तदाबाविषयी राष्ट्रीय लोकशिक्षणाची मोहीमच सुरू केली.

रेसर्पिनच्या वाट्याला मात्र हे वैभव फार काळ आले नाही. मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या, नवी औषधे आली आणि ते मागे पडले.

१९७० मध्येच ब्रून यांनी रूझवेल्ट यांच्या आजाराची हकीकत आकड्यांसह प्रथमच छापली. ती त्यांना स्वतःजवळच्या टिपणांवरून लिहावी लागली. राष्ट्राध्यक्षांची मूळ वैद्यकीय कागदपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर गहाळ झाली होती, आणि ती पुढेही कधी सापडली नाहीत.