सॉफ्टवेअर पॅकेजची स्थापना आणि तिची नोंद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाविद्यालयात नवा संगणक आला की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. खरेदीची तारीख, देयक क्रमांक, किंमत आणि खोली क्रमांक हे सर्व त्या नोंदवहीत सापडते. परंतु त्याच संगणकावर कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या क्रमाने आणि कशावर अवलंबून बसविले गेले, याची नोंद आपल्या कार्यालयात सहसा नसते. ती असलीच तर संगणकाच्या पोटात असते. ही अंतर्गत नोंदवही कशी निर्माण झाली, कमांड लाइनवरून दिलेल्या आज्ञांनी ती कशी लिहिली जाते आणि मराठीच्या संगणक-व्यवहाराशी तिचा कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. पॅकेज-नोंदणीच्या पद्धतीचा उगम व विकास तपासणे.
२. स्थापनेची कृती आणि स्थापनेची नोंद यांतील भेद स्पष्ट करणे.
३. मराठी फॉन्टच्या उदाहरणावरून या भेदाचे महत्त्व दाखविणे.

कोलशेतचा सातबारा : एक उपयुक्त साम्य

विषय तांत्रिक असल्याने प्रथम परिचयाचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. ठाणे तालुक्यातील कोलशेत हे खाडीकाठचे महसुली गाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलशेत रस्त्यालगत रासायनिक कारखाने उभे राहिले. एकविसाव्या शतकात क्लॅरियंट व बायर यांच्या कारखान्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि तेथे उंच निवासी संकुले आली. डोळ्यांना दिसणारा हा बदल भिंती, रस्ते व इमारतींचा आहे. परंतु शासनदरबारी जमिनीच्या हक्कातील बदल नोंदीच्या द्वारे होतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तीत बदल लिहिला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात आणि प्रमाणित झालेल्या नोंदीचा अंमल गाव नमुना सातवर दिला जातो. जमिनीचा प्रत्यक्ष ताबा, फेरफाराची नोंद आणि त्या नोंदीचे प्रमाणीकरण या तीन भिन्न अवस्था आहेत.

सॉफ्टवेअरच्या स्थापनेतही नेमका हाच भेद आहे. फाइली यंत्रावर येणे म्हणजे ताबा. त्या कोणाच्या आहेत हे लिहिले जाणे म्हणजे फेरफार. आणि आवश्यक जुळणी पूर्ण होऊन पॅकेज वापरायोग्य ठरणे म्हणजे प्रमाणीकरण होय.

नोंदीपूर्वीचा काळ

युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर मूळ संहितेच्या स्वरूपात चुंबकीय फितीवरून येत असे. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. त्यामुळे संहितेपासून चालू सॉफ्टवेअर बनविण्याचे टप्पे एका फाइलीत लिहून ठेवता येऊ लागले. ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की तयार फाइली ठरलेल्या जागी नकलल्या जात. ही पद्धती सोपी होती. पण फाइली ठेवून झाल्यावर तिची कोणतीही आठवण यंत्रात उरत नसे. पुढे एखादी फाइल कोणत्या सॉफ्टवेअरची, ती काढली तर काय मोडेल, या प्रश्नांची उत्तरे व्यवस्थापकाच्या स्मरणात किंवा त्याच्या वहीत असत. व्यवस्थापक बदलला की ती नाहीशी होत.

ही उणीव दूर करण्याचा व्यापारी क्षेत्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या युनिक्स सिस्टिम पाच, प्रकाशन चार यामध्ये दिसतो. त्यातील ‘पीकेजीॲड’ ही आज्ञा फाइली मांडण्याबरोबरच त्यांची सूचीही करीत असे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्ये १९९२ साली ‘रजिस्ट्री’ आली. तर स्थापनेची सर्व पावले सारणीबद्ध करणारा ‘विंडोज इन्स्टॉलर’ १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर वापरात आला.

डीपीकेजी आणि आरपीएम

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प घोषित केला. अनेक स्वयंसेवकांनी वेगवेगळ्या ठिकाणी तयार केलेली सॉफ्टवेअरे एकाच प्रणालीत सुखाने नांदावीत, ही या प्रकल्पाची मुख्य अडचण होती. त्यावरील उत्तर म्हणजे ‘डीपीकेजी’. त्याची सी भाषेतील पुनर्रचना इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये केली. रेड हॅटमध्ये मार्क ईविंग व एरिक ट्रोन यांनी ‘आरपीएम’ घडविले. १९९५ मधील रेड हॅट लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ते उपलब्ध झाले.

डेबियनच्या पॅकेजचे दोन भाग असतात. एका भागात प्रत्यक्ष फाइली असतात. दुसऱ्या भागात पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते कशावर अवलंबून आहे हा तपशील आणि चार छोट्या कार्यपद्धती असू शकतात : स्थापनेपूर्वी काय करावे, स्थापनेनंतर काय करावे, काढण्यापूर्वी काय करावे आणि काढल्यानंतर काय करावे. पॅकेज बसविताना या कार्यपद्धतीही यंत्राच्या दप्तरी जमा होतात. म्हणजे येताना पाहुणा आपल्या जाण्याची रीतही लिहून देतो. ‘मेक इन्स्टॉल’मध्ये नसलेली गोष्ट ती हीच.

या दप्तरातील ‘स्टेटस’ ही साध्या मजकुराची फाइल प्रत्येक पॅकेजची अवस्था सांगते. ‘उलगडले आहे’, ‘अर्धे जुळविले आहे’, ‘स्थापित आहे’ अशा अवस्था तीत वेगवेगळ्या लिहिल्या जातात. भारनियमनाच्या काळात या रचनेचे मोल विशेष होते. स्थापना चालू असताना वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर काम कोठे थांबले हे नोंदीवरून कळते आणि राहिलेली जुळणी पूर्ण करण्याची एकच आज्ञा देता येते. शिवाय, एक प्रक्रिया नोंदवहीत लिहीत असता दुसरीला लिहिता येत नाही. वहीला कुलूप असते. १९९९ च्या डेबियन २.१ पासून ‘ॲप्ट’ हे साधन अधिकृतपणे आले. अवलंबून असलेली पॅकेजे शोधून आणण्याचे काम त्यामुळे यंत्राकडे गेले.

मराठी फॉन्ट : नकलण्यापासून नोंदणीपर्यंत

श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. अशा फॉन्टची फाइल फ्लॉपीवरून दुसऱ्या संगणकावर नकलली की मजकूर वाचता येई. न नकलल्यास तोच मजकूर रोमन चिन्हांची निरर्थक रांग म्हणून दिसे. फॉन्टची ओळख त्या यंत्रापुरती होती. पण मजकूर मराठी आहे, ही नोंद मजकुरात कोठेच नव्हती. अनेक महाविद्यालयांतील जुने प्रबंध, प्रश्नपत्रिका व इतिवृत्ते या अवस्थेत अडकून पडली आहेत.

पहिला बदल वर्णांच्या नोंदणीने झाला. १९९१ मध्ये भारतीय मानक ‘इस्की’ आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. तरीही यंत्राला देवनागरीची जुळणी करता यावी लागे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीवर भारतीय लिपींची सोय वेगळी खूण करून, अनेकदा मूळ सीडी घालून, बसवावी लागत असे. वर्ण नोंदलेले, पण त्यांची मांडणी करणारी यंत्रणा अनोंदित, अशी ती स्थिती होती.

दुसरा बदल फॉन्ट हेच पॅकेज बनल्याने झाला. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिपींचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाशी जुळणारे हे नाव आहे. रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयाचा त्यांच्या पुढील देखभालीत मोठा वाटा राहिला. हे फॉन्ट आरपीएम व डेबियन अशा दोन्ही पद्धतींच्या पॅकेजांतून उपलब्ध झाल्यामुळे त्यांना आवृत्ती, परवाना, देखभाल करणारा आणि दोष कळविण्याची जागा मिळाली. फ्लॉपीवरून आलेल्या फॉन्टला यांतील काहीच नव्हते.

फॉन्टची फाइल जागेवर ठेवल्यावर प्रणालीची फॉन्टसूची नव्याने करावी लागते. पूर्वी हे काम प्रत्येक फॉन्ट पॅकेज आपल्या स्थापनोत्तर कार्यपद्धतीतून स्वतंत्रपणे करी. दहा फॉन्ट बसविले की सूची दहा वेळा होई. २००८ च्या सुमारास डीपीकेजीत ‘ट्रिगर’ ही सोय आली. फॉन्टची व्यवस्था पाहणारे ‘फॉन्टकॉन्फिग’ हे पॅकेज फॉन्टच्या संचिकेत आपला हितसंबंध नोंदवून ठेवते; तेथे काहीही बदलले की अखेरीस त्याची कार्यपद्धती एकदाच चालते. आरपीएममध्ये फाइलींवर आधारित अशीच सोय २०१६ च्या ४.१३ या आवृत्तीत आली. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना जावी, तशीच ही रचना आहे.

नोंदीच्या मर्यादा

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पॅकेजची नोंदही याच अर्थाने घ्यावी लागते. ती काय बसविले ते सांगते; बसविलेले निर्दोष आहे याची हमी देत नाही. स्थापनेच्या कार्यपद्धती यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात, म्हणून पॅकेज कोणाकडून आले हे तपासणे अगत्याचे असते. डेबियनच्या २००७ मधील ४.० या आवृत्तीपासून ॲप्ट डिजिटल स्वाक्षऱ्यांची पडताळणी करू लागले. तथापि मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. पॅकेजच्या देखभालीत अधिकृत स्थान मिळविलेल्या व्यक्तीकडूनच ते घडले होते. नोंद रीतसर होती. विश्वास चुकीच्या जागी होता. मात्र कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, हे नोंदीमुळेच तत्काळ शोधता आले.

निष्कर्ष

१. सॉफ्टवेअर-स्थापनेच्या इतिहासातील निर्णायक टप्पा फाइली नकलण्याचा नसून त्यांची नोंद होण्याचा आहे.
२. स्थापनेबरोबर काढण्याची कार्यपद्धतीही नोंदली गेल्यामुळे प्रणाली व्यक्तीच्या स्मरणावर विसंबून राहिली नाही.
३. मराठी मजकूर टिकाऊ होण्यासाठी वर्ण, फॉन्ट आणि मांडणी यंत्रणा या तिन्हींची नोंद आवश्यक ठरली.
४. नोंद हा पुरावा आहे, हमी नव्हे. तिच्यामागील व्यक्तींची पारख वेगळी करावी लागते.

यावरून एक व्यावहारिक सूचना करता येईल. डेडस्टॉक रजिस्टरची वार्षिक पडताळणी होते त्याच वेळी, संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रावरील पॅकेजांची यादी एका आज्ञेने काढून दप्तरी ठेवावी. जुन्या मराठी फाइलींसोबत त्या कोणत्या फॉन्टमध्ये टंकलिखित केल्या आहेत, हेही लिहून ठेवावे. संगणक निर्लेखित झाल्यावर त्याची रजिस्टरातील ओळ लाल शाईने खोडली जाते. त्यातील मराठी मजकूर मात्र पुढील अभ्यासकाला वाचता आला पाहिजे.