लाल कार्ड: शिक्षेला रंग कसा मिळाला?

१/
बीड जिल्ह्यातील कबड्डीच्या मैदानावर पंचाने खिशातून लाल कार्ड काढले, तर खेळाडूला बाहेर जावे लागेल हे प्रेक्षकांतील लहान पोरालाही कळते. ही रंगांची भाषा मूळची फुटबॉलची. तिचा जन्म मात्र एका भांडणातून झाला.

२/
२ जून १९६२, सँटियागो. विश्वचषकात यजमान चिली विरुद्ध इटली. पंच होते इंग्लंडचे केन ॲस्टन. इटलीच्या फेरिनीला त्यांनी आठव्याच मिनिटाला बाहेर काढले, पण तो जाईना. अखेर पोलिसांनी त्याला ओढत नेले. पंचांची भाषा एक, खेळाडूंची दुसरी, आणि हातात केवळ शिट्टी!

३/
त्याच सामन्यात चिलीच्या सांचेसने ठोसा मारून इटलीच्या माशिओचे नाक फोडले. तरीही तो मैदानावरच राहिला. एकाला कठोर शिक्षा, दुसऱ्याला मोकळीक. शिक्षा कळणे हा एक प्रश्न होता. शिक्षा समान असणे हा दुसरा.

४/
२३ जुलै १९६६, वेम्बली. इंग्लंड–अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला बाहेर जाण्यास सांगितले. तो दुभाषी मागत बराच वेळ तिथेच थांबला. चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचे तर वर्तमानपत्रांतून समजले. खुलाशासाठी प्रशिक्षक रॅम्सी यांना फिफाकडे जावे लागले.

५/
ॲस्टन तेव्हा विश्वचषकातील पंचांचे प्रमुख होते. घरी परतताना लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील सिग्नल पाहून त्यांना कल्पना सुचली: पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांब. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातील पहिले लाल कार्ड १९७४ साली चिलीच्या काझेलीला मिळाले.

६/
रंगाने निर्णय दिसू लागला. तो योग्य होईलच याची हमी मात्र मिळाली नाही. ८ जुलै १९८२, सेव्हिल. जर्मन गोलरक्षक शूमाखर धावत येऊन फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. बातिस्तोंचे दात पडले, मणक्याला इजा झाली, तो बेशुद्ध झाला. पंचांनी साधा फाउलही दिला नाही. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये याच शूमाखरने दोन फटके अडवले आणि जर्मनी अंतिम फेरीत गेला.

७/
भारतालाही या प्रश्नाची किंमत मोजावी लागली. १६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. दिलीप पालित आणि बिदेश बोस यांच्यातील झटापटीनंतर पंचांनी दोघांनाही बाहेर काढले. गॅलरीत दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक प्राणास मुकले. बंगालमध्ये आजही त्या दिवशी रक्तदान करून त्यांचे स्मरण केले जाते.

८/
मग लाल कार्ड केव्हा द्यावे? आजचे नियम तीन पायऱ्या सांगतात. निष्काळजी टॅकल: फक्त फ्री किक. बेपर्वा, म्हणजे समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता केलेला: पिवळे. अतिरिक्त बळ वापरून समोरच्याच्या शरीराला धोक्यात घालणारा: लाल. म्हणून ‘मुद्दाम केले नाही’ हा बचाव पुरत नाही आणि ‘चेंडूला पाय लागला होता’ हाही नाही.

९/
गोलची स्पष्ट संधी फाउलने हिरावली तरीही लाल कार्ड मिळते. पण पेनल्टी, बाहेर हकालपट्टी आणि पुढील सामन्याची बंदी ही तिहेरी शिक्षा जड ठरू लागली. म्हणून २०१६ साली सवलत आली: पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला, तर पिवळेच.

१०/
२०१८च्या विश्वचषकापासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. पाय कुठे लागला हे पडदा दाखवतो. बळ ‘अतिरिक्त’ होते का, हे मात्र अजूनही माणसालाच ठरवावे लागते. ॲस्टन यांनी सोडवला तो निर्णय कळवण्याचा प्रश्न. निर्णय घेण्याचे ओझे पंचाच्या खांद्यावरून उतरलेले नाही.